एकाच नावाच्या दोन ओळी

दिवाळी झाली की आमच्या घराला कुलूप लागायचं, ते थेट उन्हाळ्यात निघायचं. तिसगावच्या पुढे, पाथर्डी तालुक्यातलं आमचं गाव. त्या पाच-सहा महिन्यांत गावात म्हातारी माणसं आणि कुत्री उरायची. बाकी सगळे ऊसतोडीला. ट्रक यायचा. त्यात आधी भांडी चढायची, मग शेळी, मग पोरं, शेवटी मोठी माणसं. कारखान्याजवळच्या माळावर कोप्या उभ्या राहायच्या. कोपी म्हणजे बांबू आणि पाचटाचं झोपडं, आत जायचं तर वाकून. अंधार असतानाच आई आणि दादा कोयते घेऊन फडात जायचे. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. मागे कोपीत पोरंच पोरांना सांभाळायची.

मी अशाच एका कोपीत जन्मले. कुठल्या कारखान्यावर, ते आईला आठवतं. कुठल्या तारखेला, ते कोणालाच नाही. नोंद करायला जाणार कोण? पाचव्या दिवशी आई परत फडात होती. मी रडगाणं गात नाहीये. आमच्याकडे हे असंच असतं, म्हणून सांगितलं.

कोप्यांची माझ्याकडे एकच आठवण आहे आणि तिच्यात चित्र नाही, ती फक्त अंगाला कळते. मी कोणाच्या तरी कडेवर आहे. ती कंबर फार बारीक आहे, हाड टोचतंय. मी घसरते, मला झटका देऊन वर घेतलं जातं, मी पुन्हा घसरते. जळत्या पाचटाचा वास येतोय. कित्येक वर्षं मी समजत होते की ती आई आहे, तेव्हा फार वाळलेली असेल.

घरात मला 'बारके' म्हणतात, अजूनही. बारकी आहे म्हणजे थोरली कुठेतरी असणार, हे कळायला काही पदवी लागत नाही. आमच्या घरातली एक पोर गेली होती, इतकंच मला माहीत होतं. तिचा फोटो नव्हता. तिचा विषय निघत नसे. मीही काढला नाही.

शाळेत माझं नाव वेगळं होतं. ते मी इथे लिहिणार नाही, कारण ते माझ्या एकटीचं नाही. पहिलीत मास्तर हजेरी घ्यायचे, ते नाव पुकारायचे आणि मी मागे वळून बघायचे.

"अगं, तूच. मागं कोन हाय?"

मागे भिंत असायची. पोरं खिदळायची. मास्तर म्हणायचे, "हिला हिचंच नाव परकं." चौथीपर्यंत ती खोड गेली नाही. नाव घेतलं की मला वाटायचं, आता कोणीतरी उठून 'हजर' म्हणेल, मग आपण बोलायचं.

पाचवीपासून मी पाथर्डीच्या वसतिगृहात राहिले, त्यामुळे ट्रक सुटला. बारावीनंतर नगरला कॉलेज. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज बारीक करत नाही.

कॉलेजच्या लॅबमधली यंत्रं इतकी जुनी होती की रंगीत खिडक्या उघडायलाच त्यांचा जीव जायचा. म्हणून शिकवणारे सर म्हणाले, काळ्या पडद्यावर शिका. काळा पडदा म्हणजे माऊस नाही, चित्रं नाहीत, फक्त लुकलुकणारी एक खूण. हुकूम टाइप करायचा, एन्टर दाबायचा, यंत्र कामाला लागतं. हजारो ओळींची फाइल असू दे, 'ग्रेप' हवा तो शब्द असलेल्या ओळी शोधून आणतो. 'सेड' एका शब्दाच्या जागी दुसरा घालत जातो. 'कट' हवे तेवढे रकाने कापून देतो. 'सॉर्ट' ओळी क्रमाने लावतो, आणि सांगितलं तर सारख्या ओळींतली एकच ठेवून बाकीच्या गाळतो. दोन हुकुमांच्या मध्ये एक उभी रेघ मारली की पहिल्याने केलेलं काम थेट दुसऱ्याच्या हातात पडतं.

शहरातल्या मुलींना त्या उभ्या रेघेपाशी अडायला व्हायचं. मला एका तासात समजली. फडात काय होतं? एक ऊस तोडतो, दुसरी पाचट सोलते, तिसरी मोळी बांधते, चौथा डोक्यावर घेऊन ट्रककडे चालू लागतो. कोणी कोणाला विचारत नाही. मागच्याने दिलं ते घ्यायचं, आपलं काम करायचं, पुढे द्यायचं. मी हे सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "हे मी पुढच्या वर्गाला सांगेन." मला अभिमान वाटला. एक गोष्ट मात्र तेव्हा सुचली नाही. फडात हातात काय आलंय ते माणूस निदान बघतो. काळा पडदा बघत नाही. तो 'नक्की का?' असंही विचारत नाही. गाळ म्हटलं की गाळतो.

पदवीनंतर मला नगरमधल्याच सावेडीत नोकरी लागली. एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ऑफिस. एका संस्थेने खेडोपाडीच्या शाळांची जुनी जनरल रजिस्टरं टाइप करून घ्यायचं काम दिलं होतं. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेत पाऊल टाकलेल्या प्रत्येक पोराची एक ओळ असलेली मोठी वही. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, कधी दाखल झालं, कधी गेलं, का गेलं. बऱ्याच वह्यांना वाळवी लागलेली. पानांचे फोटो यायचे, ते बघून तिघी बायका टाइप करायच्या आणि टाइप झालेलं सगळं माझ्याकडे यायचं. जादा मोकळ्या जागा काढणं, तारखा एका साच्यात आणणं, रकाने सरळ करणं, हे माझं काम.

टाइप करणाऱ्यांत सगळ्यात वडीलधाऱ्या होत्या त्या नगरच्याच, जुन्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. सगळ्या त्यांना ताई म्हणायच्या. मी सकाळी आले की त्या म्हणायच्या, "आल्या काळ्या पडद्याच्या राणीसाहेब. आता आमच्या चुका मोजा."

"मोजत नाही ताई, पुसते."

"पुसा बाई. देव बघतो, तुम्ही पुसा."

एक अडचण सारखी यायची. एकाच पानाचे दोन फोटो निघायचे, दोघीजणी तेच पान टाइप करायच्या आणि त्याच ओळी दोनदा यायच्या. दाखल क्रमांकावरून ओळखावं, तर जुन्या शाईतले आकडे पुसट, एकीने तीन वाचलेला दुसरीने आठ वाचलेला. म्हणून मी एक हुकूम रचला. नाव, बापाचं नाव आणि जन्मतारीख हे तीन रकाने बघ, तिन्ही सारखे असले तर पहिली ओळ ठेव, बाकीच्या गाळ. एका ओळीचा हुकूम. सरांनी, म्हणजे ऑफिसच्या मालकांनी, तो सगळ्यांना दाखवला. "तीन दिवसांचं काम पोरीनं तीन सेकंदांत केलं." चौदा गावांच्या फायली मी तशा साफ करून दिल्या. संस्थेने त्या पासही केल्या.

पंधरावं गाव आमचं होतं.

हुकूम चालवला, फाइल साफ झाली. मग वाटलं, स्वतःला बघावं. ग्रेप लावून माझं पूर्ण नाव टाकलं. एक ओळ आली. नाव माझं, बापाचं नाव माझं, जन्मतारीख माझ्या दाखल्यावरचीच. पण दाखल झाल्याचं वर्ष तीन वर्षं आधीचं. आणि शेवटच्या रकान्यात, शाळा का सोडली तिथे, लिहिलेलं: 'सतत गैरहजर. नाव कमी केले.'

दुपारचे साडेबारा झाले होते. ताई डबा उघडत होत्या. त्यांनी मला नावाने हाक मारली आणि मी मागे वळून बघितलं. ताई माझ्या समोर बसल्या होत्या.

मी मूळ फाइल उघडली, साफ करण्याआधीची. तिथे दोन ओळी होत्या. पहिली ही. दुसरी तीन वर्षांनंतरची, तीही त्याच नावाची, त्याच तारखेची. तिच्या शेवटी 'पुढील शिक्षणासाठी' असं होतं. ती मी. माझ्या हुकुमाने मला गाळलं होतं आणि तिला ठेवलं होतं.

रविवारी सकाळच्या एस.टी.ने घरी गेले. गेली दोन वर्षं मी आई-दादांना तोडीला जाऊ दिलेलं नाही, त्यामुळे घर उघडं असतं. आई अंगणात बाजरी निवडत होती. मी शेजारी बसले आणि सरळ विचारलं, "थोरलीचं नाव काय होतं?"

आईचा हात सुपावर थांबला. "कुनी सांगितलं?"

"शाळेच्या वहीत आहे."

"वहीत हाय अजून?" ती असं म्हणाली, जणू मी थोरलीला कुठे भेटून आले होते.

मग तिने सांगितलं. जास्त नाही, जेवढं लागतं तेवढं. थोरली गावात जन्मली, जन्माचा दाखला काढलेला होता. सहा वर्षांची झाली, शाळेत नाव घातलं, दिवाळीपर्यंत शिकली. मग ट्रक. मी तेव्हा तीन वर्षांची. "तुला तीच सांभाळायची. तुला खाली ठिवतच नव्हती. मी म्हनायचे, ठिव की गं तिला, कंबर मोडंल. न्हाई. दिसभर कडंवर."

मी सुपातली मूठभर बाजरी हातात घेतली.

"तिला ताप आला. दोन दिस. तिसऱ्या दिशी आमी फडातून आलो तर तू तिच्याजवळ झोपली हुतीस." आईने सुपातला एक खडा काढून लांब टाकला. "तिथंच वढ्याच्या कडंला... पुढच्या वर्साला गेल्तो तर तिथवर ऊस लावलेला. जागा सापडली न्हाई."

"आणि माझं नाव?"

"तुला कुठं नाव हुतं? बारकी, बारकी, बास. शाळेत नेलं तर मास्तर नवे. म्हनले, जल्माचा दाखला आना. तुझा कुठनं आनावा? घरात एकच कागद हुता. तुझ्या बापानं त्योच दिला."

दादा ओट्यावर बसले होते. "मास्तर म्हनला, नऊ वर्साची पोर एवढीशी कशी. म्या म्हनलं, फडावर वाढ व्हत न्हाई."

"दादा, कागद दिलात. पण नाव दुसरं सांगता आलं असतं."

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, शाळंत तिचं नाव पुकारतील. बरं वाटंल."

त्या दिवशी कळलं की कागदावर मी तिच्या वयाची आहे. सरकारी परीक्षांना माझं वय तीन वर्षं आधी संपतं. ते एक. आणि मी भिंतीकडे वळून बघायचे, तेव्हा माझं चुकत नव्हतं.

परतताना एस.टी.त एक विचार आला आणि मग गेला नाही. एक कागद घरात आहे, दुसऱ्या पोराला नाही, मास्तर कागद मागतो. हे फक्त आमच्याच घरात झालं असेल का? सोमवारी ऑफिस उघडल्या उघडल्या मूळ फाइल काढून मी आईला फोन लावला आणि आमच्या गावच्या फायलीत गळालेल्या ओळींमधली एक-एक घरं विचारत गेले. सहा जोड्या होत्या. दोन जोड्या खऱ्याच दोनदा टाइप झालेल्या. आणखी एक आमची. उरलेल्या तीन घरांची नावं घेतल्यावर आई दर वेळी म्हणाली, "व्हय. त्यांचं पन गेल्तं."

जिल्ह्याच्या पूर्वेकडची सगळी कोरडी गावं ऊसतोडीची. चौदा गावं मी साफ करून दिली होती. पानं टाइप झाली त्या क्रमाने ओळी यायच्या, त्यामुळे कुठल्या मेलेल्या पोराला काढलं आणि कुठल्या जिवंताला, ते मला माहीत नव्हतं. बाहेरगावच्या एखाद्या इंजिनिअरने ही चूक केली असती तर मी त्याला म्हटलं असतं, तुला आमच्याकडचं काय कळणार. मी तिथलीच. माझ्या अंगावर तेच नाव. आणि मलाच दिसलं नाही.

सर आल्यावर त्यांच्यासमोर उभी राहिले. "सर, मी दिलेलं काम चुकलंय. चौदाही गावांचं."

सर म्हणाले, "त्यांनी पास केलंय ना? पास झालेल्या पेपरला परत कशाला बसतेस?"

मी दोन ओळी दाखवल्या. त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "एकच नाव, एकच बाप, एकच तारीख. ही दोन माणसं कशी असतील?"

"एक मी आहे सर."

"आणि दुसरी?"

"बहीण. मेलेली."

सर खुर्चीत मागे टेकले. माणूस वाईट नाही. म्हणाले, "मग सोपं आहे. तुझी ओळ ठेव, तिची काढ. तू जिवंत आहेस. आणि पुढची गावं घे."

"नाव तिचं आहे, तारीख तिची आहे. खोटी ओळ कुठली म्हणाल तर माझी. काढायचीच असेल तर मला काढावं लागेल."

"अगं, पण त्या पोरांचं आता कोणाला काय करायचंय?"

"त्यांचं दुसरीकडे कुठेच काही लिहिलेलं नाही सर. ही एक ओळ आहे. वहीला वाळवी लागलीय आणि फायलीतली काहींची मी पुसलीय."

टाइप करता करता ताईंचा हात थांबला होता. त्या तिथूनच म्हणाल्या, "आमच्या चर्चच्या दफनाच्या वहीत दोन दिवसांच्या लेकराचीसुद्धा ओळ आहे. नाव ठेवलेलं नसलं तर 'बाळ' लिहितात. ओळ सोडत नाहीत, सर."

सरांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "संस्थेला काय सांगू? चूक कोणाची?"

"माझी. नावानिशी सांगा."

हे म्हणणं सोपं नव्हतं, खोटं कशाला बोलू. गावात, वसतिगृहात, कॉलेजात मी एकाच जोरावर जगले होते, की मी चुकत नाही.

"आठ दिवस," सर म्हणाले. "नवं काम अडलं नाही पाहिजे."

टाइप झालेल्या मूळ फायली दुसऱ्या यंत्रावर होत्या. महिनाअखेरीला त्या यंत्रावरचं सगळं पुसायचं अशी आमची पद्धत. अखेरीला नऊ दिवस उरले होते. मी जुना हुकूम मोडला. नवा असा केला की सारख्या ओळी गाळायच्या नाहीत, नुसत्या दाखवायच्या. मग दाखल तारीख वेगळी आहे का ते बघायचं, आणि वेगळी असेल तर पानाचा फोटो उघडून डोळ्यांनी खात्री करायची. यंत्राने दाखवावं, ठरवावं माणसाने. ताई रोज जेवणानंतर शेजारी खुर्ची ओढून बसायच्या, फोटो मोठा करून वाचायच्या. थट्टा त्यांनी बंद केली होती.

काळ्या पडद्यावर जोड्या खाली उतरत जायच्या. एक नाव, खाली तेच नाव. वरच्याच्या शेवटी 'सतत गैरहजर', खालच्याच्या शेवटी काहीतरी दुसरं, 'परगावी गेल्यामुळे' किंवा 'सातवी पास'. गावामागून गाव तेच. ताई सावकाश वाचायच्या, हजेरी घेतल्यासारख्या, आणि दर वेळी मी पुढची जोडी आणायला जरा उशीर करायचे. कशासाठी थांबत होते, ते मला ठाऊक होतं. कोणी 'हजर' म्हटलं नाही.

आठव्या दिवशी आमचं गाव घेतलं. ताईंनी आमच्या जोडीचं पान उघडलं. एका कोपऱ्याला वाळवीने खाल्लेलं, निळी शाई, मास्तरांचं वळणदार अक्षर. 'सतत गैरहजर.' तिला मरून महिने झाले असतील, तेव्हा कोणीतरी हे लिहिलं.

तेवढे दोन शब्द मला बदलता आले असते. एका सेडचं काम. 'सतत गैरहजर'च्या जागी 'मयत', फक्त त्या एका ओळीत. मी हुकूम टाइपही केला. बोट एन्टरवर होतं. ताईंनी बघितलं. मग मी एक एक अक्षर मागे खोडत गेले. दादांनी खोटा कागद दिला, मी ओळी पुसल्या. आता पुन्हा आमच्या घरातल्या कोणी त्या वहीत हात घालायला नको, असं वाटलं. जे लिहिलंय ते राहू दे. मला सांगायचंय ते मी इथे सांगितलं.

महिना संपायच्या आदल्या दिवशी चौदा गावांच्या फायली पुन्हा दिल्या, त्यांच्याबरोबर पंधरावी आमच्या गावची. सोबत एका पानाचं पत्र, चूक काय झाली आणि कोणाकडून. संस्थेने जुन्या काढून नव्या घेतल्या. नोकरी राहिली. आईला फोन करून सांगितलं, तर तिने विचारलं, "दोघी हायेत?" म्हटलं, हो. "येकीखाली येक?" म्हटलं, हो, एकीखाली एक. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी पदवीधर आहे आणि हे काम मी पुरं केलं. आमच्या गावच्या फायलीत त्या नावाच्या दोन ओळी आहेत. वरची माझ्या बहिणीची आहे, खालची माझी.